हिरड्याचा हंगाम

दुर्गवाडी-हातवीजपासून आहुप्यामार्गे भीमाशंकरापर्यंतचा पट्टा म्हणजे हिरड्याचं माहेर. धो धो पाऊस, डोंगरउतार आणि पाण्याचा निचरा, एवढ्यावर हे झाड खूश असतं. घोडेगाव सोडून मंचरकडे निघालं की पाऊस कमी होत जातो, कांदा-बटाट्याची शेतं लागतात आणि हिरडा दिसेनासा होतो.

आमचं आजोळ या पट्ट्यातलं. भातरोपांच्या राबासाठी मामा ऐनाच्या फांद्या सपासप उतरवायचा, पण शेजारच्या हिरड्याला कोयता लावायचा नाही. उन्हाळ्यात हातात रोकड देणारं झाड तेवढंच.

आठळी धरण्याआधीचा कोवळा तो बाळहिरडा. मामा वर चढून काठीनं झोडायचा, खाली बायका आणि आम्ही पोरं पाचोळ्यातून वेचायचो. हिरवी फळं खळ्यावर पसरली की उन्हानं सुरकुतून काळीठिक्कर पडत. एखादं चावून बघावं, तर तोंड असं आवळून यायचं की मामी हसत सुटायची. कोयत्यानं फळ चिरलं की पात्यावर निळाकाळा डाग उमटे. लोखंडाशी जुळणाऱ्या याच तुरटपणामुळे पूर्वी हिरडा आणि हिराकस मिळून शाई होत असे. कातडी कमावायलाही तोच गुण कामाचा; इंग्रजी अमदानीत मोठा हिरडा त्यासाठी मुंबईहून विलायतेला जाई. पुढे क्रोमनं कातडी कमावू लागले आणि ती मागणी ओसरली. त्रिफळ्याची मात्र टिकली.

जुनं ते सगळं सोनं, असं मात्र मी म्हणणार नाही. मीठ-धान्याच्या बदल्यात पोतंभर हिरडा नेणारे व्यापारी आजीच्या गोष्टींत यायचे, आणि मापात कोण मार खायचं हे सांगायला नको. 1972 मध्ये आदिवासी विकास महामंडळ आलं, त्याची एकाधिकार खरेदी आली. 2006 च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजाची मालकी वनहक्कधारकांना दिली आणि 2013-14 पासून केंद्राच्या हमीभावाच्या यादीतही हिरडा आहे. आज दुपारचा भाव दुपारीच मोबाइलवर कळतो, हे चांगलंच झालं. वेचताना चालणाऱ्या गप्पा, एकमेकींच्या झाडाखाली जाऊन केलेली मदत, ते मात्र आटलं.

3 जून 2020 च्या निसर्ग वादळानं या भागातले हिरडे आडवे केले. नुकसानभरपाईसाठी लोकांना आंदोलनं करावी लागली. मामाच्या बांधावरचेही काही पडले. उरलेल्यांवर चढणार कोण, हा आता घरचा प्रश्न आहे. मामेभाऊ चाकणच्या कारखान्यात. हंगामात रजा मिळाली तर येतो, नाहीतर झाडं वाट्यानं देतो. पूर्वी झोडणाऱ्याला निम्मा माल मिळायचा. हल्ली निम्म्यावर कुणी झाडावर चढायला तयार होत नाही.