कमरेचं पिस्तूल आणि शेताचा बांध

परवा भुकूमला एका साखरपुड्यात शेजारी बसलेल्या पाव्हण्याचा शर्ट वर सरकला आणि कमरेचं पिस्तूल दिसलं. लायसन्सचं असेलही. पण सगळे बघतायत हे कळूनही त्याने शर्ट खाली ओढला नाही.

कायदा नेमकं उलट सांगतो. शस्त्र नियम 2016 प्रमाणे परवाना असला तरी सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकून न्यायचं. परजायला तर सक्त मनाई. 2019 च्या दुरुस्तीनंतर लग्नकार्यात कुणाच्या जिवाला धोका होईल असा बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

जुलै 2024 मध्ये आपल्याच मुळशीतल्या धडवलीचा व्हिडिओ सगळ्यांनी बघितला. कोण बरोबर ते कोर्ट ठरवेल. पण वाद कशाचा होता? जमिनीचा.

दुसऱ्याला कशाला बोलू? तीन वर्षांपूर्वी बांधावरून चुलत्यांशी वाजलं, रात्री धमकीचा फोन आला, तेव्हा मीही परवान्याचा अर्ज आणला होता. अमेरिकेत 2022 साली सुप्रीम कोर्टाने न्यूयॉर्कची 'खास कारण दाखवा' ही अट रद्द केली. आपल्याकडे कारण द्यावंच लागतं. पोलीस चौकशी होते, मग गावाकडे जिल्हाधिकारी आणि आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त ठरवतात. मी लिहिलं, 'जिवाला धोका'. आई शेजारीच होती. म्हणाली, "कुणापासून रे? एका ताटात जेवलेल्या पोरापासून?"

अर्ज तसाच राहिला. त्याऐवजी सरकारी मोजणीचे पैसे भरले. बरेच महिने गेले, पण शेवटी खुणा पडल्या. दोन फूट जागा त्यांचीच निघाली.

स्वसंरक्षणाचा हक्क आपल्याला आहेच, पण गरजेपुरता. भारतीय न्याय संहितेचं कलम 37 म्हणतं, पोलिसांकडे जायला वेळ असेल तर तो हक्क चालत नाही. बांधाचं भांडण तर वर्षानुवर्षं चालतं. तिथे वेळच वेळ असतो.

चांदणी चौकापासून पौडपर्यंत गुंठ्याला सोन्याचा भाव आलाय. अशा वेळी पुढाऱ्यांकडे परवान्याची शिफारस मागू नका. मोजणी वेळेत करून द्या, म्हणून मागे लागा. मी त्या दोन फुटांसाठी पिस्तूल घ्यायला निघालो होतो, आणि ते आमचे नव्हतेच.