छपरीतला गारवा

फाल्गुन सरत आला होता. पांढुर्ण्याला गाडीतून उतरलो आणि ई-रिक्षावाल्याला नको म्हणून पायीच निघालो. पुढच्या वळणावर तीच रिक्षा शेजारून गेली, तरी चाहूल लागली नाही. आवाज आला तो मागे रचलेली संत्र्यांची कॅरेटं एकमेकांवर घासल्याचा. मृग बहाराचा शेवटचा माल असावा. धूर नाही, घरघर नाही. मागे राहिला तो फक्त सालीचा वास.

पाट्या हिंदीत, बोलणं मराठीत. 1956 साली नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि ही गावं मध्य प्रदेशात राहिली. जिभेने मात्र ती हद्द मानली नाही.

जुन्या वस्तीत शिरलो तशी पावलं आपोआप मंदावली. गल्ली सरळ नाही. मध्येच एखादं घर हातभर मागे सरकलेलं दिसतं. समोरून बंडी आली तर दुसरीने बाजूला कुठे व्हायचं, याचा विचार घर बांधतानाच केलेला असावा, असं मला वाटलं. त्या जागेत आता सायकली उभ्या होत्या.

एका छपरीत आजी तूर निवडत बसल्या होत्या. मी पाणी मागितलं. "उन्हातून आले ना भाऊ, जरा टेका. पाणी मंग पेजा," त्या म्हणाल्या. टेकलो आणि पाठीला भिंत लागली: जाड, मातीची, दुपार झाली तरी थंड. वर देशी कवेलू. त्यांच्या फटींतून उन्हाचे रुपयाएवढे कवडसे सारवलेल्या जमिनीवर उतरलेले, आणि त्याच फटींतून आतली गरम हवा वर निघून जात होती. खोलीवर लाकडी माळा, त्यावर मातीचा थर. कवेलूची धग खाली पोचायच्या आधी तिथेच अडते. मागच्या दारातून सांदवाडीतल्या कडुनिंबाची झुळूक आली, तुरीचं फोल उडालं, आजींनी सूप वळवलं. पंखा होता, बंद होता. माकडं कवेलू फोडतात, शाकारणीला माणूस मिळत नाही, म्हणून मुलगा स्लॅब टाकायचं म्हणतो, हेही त्यांनी सांगितलं. त्याला दोष कसा देऊ? दर पावसाळ्याआधी घरावर चढायचं त्यालाच आहे.

पण जीव हळहळतो. 2023 साली पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं. आता कचेऱ्या उभ्या राहतील, वसाहती होतील, रस्ते रुंदावतील. ते बांधणाऱ्यांनी एक दुपार अशा छपरीत काढावी, असं मला मनापासून वाटतं. नागपूरच्या मेट्रो स्थानकांवर सौरपट्ट्या पाहिल्या तेव्हा मला आनंदच झाला होता. त्याच आनंदाने मी या भिंतीला टेकून बसलो होतो.

सौंसरला बसने गेलो. संध्याकाळी स्टेशनवर आलो तर फलाट भरलेला: पिशव्या, दुधाचे डबे, कडेवरची पोरं. लहानपणी इथूनच अडीच फुटी रुळांवरच्या छोट्या गाडीने मी मावशीकडून नागपूरला परतत असे. 2015 च्या अखेरीस ती थांबली. तिच्या जातकुळीची इंजिनं आता नागपूरच्या मोतीबागेतल्या संग्रहालयात उभी आहेत. 2021 मध्ये नागपूर-छिंदवाडा मार्ग ब्रॉडगेजने पुन्हा जोडला गेला. छोटी गाडी गेल्याचं वाईट वाटतंच. पण रूळ उखडून तिथे नुसता रस्ता केला नाही, याचा आनंद मोठा. एवढी सगळी माणसं वेगवेगळ्या गाड्या करून निघाली असती तर?

गाडी सुटली. समोर एक आजोबा नातवाला छोट्या गाडीचं सांगत होते. दोन्ही हात समोर धरून त्यांनी रुळांची रुंदी दाखवली.

"एवढुशी? मंग मानसं कशी बसत?"

"बसत होते गा. दाटीवाटीनं."

पोराने आपले हात तेवढेच पसरले, आणि लोधीखेडा येईपर्यंत तसेच धरून ठेवले.