त्र्याऐंशी लाख ठिपके

आकड्यांची आणि माझी मैत्री कधी जमलीच नाही. वर्गातली पटसंख्या आणि महिन्याचा पगार, एवढ्या दोनच ठिकाणी माझा गणिताशी संबंध येतो. त्यांतला दुसरा हिशेब तर पत्नीच पाहते. असा मी, मराठीचा प्राध्यापक, गेल्या दिवाळीच्या तोंडावर अमरावतीच्या एका दुकानात उभा राहून त्र्याऐंशी लाख ठिपके विकत घेत होतो.

हो, ठिपकेच म्हणायचे. टीव्हीचे चित्र म्हणजे शेवटी ठिपक्यांची रांगोळीच. फरक इतकाच, की येथे ठिपके जोडणाऱ्या रेषा नसतात; ते काम आपल्या डोळ्यालाच करावे लागते. ‘फोर-के’ म्हणून मिरवणाऱ्या पडद्यावर एका ओळीत ३८४० ठिपके, आणि अशा ओळी २१६०. गुणाकार ८२,९४,४००. चौऱ्याऐंशी लक्ष योनींना जेमतेम लाखभर कमी!

आता ‘के’ म्हणजे हजार. मग ३८४० ला चार हजार का म्हणावे? तर चित्रपटगृहांच्या फोर-केमध्ये ओळीत ४०९६ ठिपके असतात. घरातल्या पडद्याने त्या थोरल्या भावाचे नाव लावून घेतले. बरे, आधीच्या ‘फुल एचडी’ला १०८० म्हणत, तेव्हा ओळी मोजत असत. आता ओळी सोडून ओळीतले ठिपके मोजू लागले. काल मुलाची उंची सांगितली, आज छाती; ऐकणाऱ्याला वाटावे, पोरगा वर्षात केवढा वाढला! खरे म्हणजे ओळी दुप्पट झाल्या, ओळीतले ठिपके दुप्पट झाले, म्हणून एकंदर ठिपके चौपट. भाषा शिकवणाऱ्याला अशा ठिकाणी उगीच थांबावेसे वाटते. असो.

दुकानातल्या पडद्यावर एक पोपट बसला होता. त्याच्या पिसांतला तंतू न् तंतू दिसत होता. मी हातभर अंतरावर उभा होतो, ही गोष्ट मला तेव्हा महत्त्वाची वाटली नाही. पण मला कुठे पोपट पाहायचा होता? मला अण्णांना पाहायचे होते.

ताईचे लग्न १९९८ साली अकोल्याला झाले. त्या लग्नाची तीन तासांची कॅसेट आहे आणि तीत अण्णा अवघे वीस सेकंद आहेत. कॅमेरा दिसला, की ते मांडवाच्या खांबाआड होत. पंगतीत मात्र सापडले. वाढप्याला थांबवून काहीतरी सांगताहेत, आणि मग एकदम वळून थेट आपल्याकडे पाहतात. अण्णा २००९ साली गेले. त्यांचे हलते-बोलते चित्र म्हणून जगात एवढेच. तेही बोलते नव्हे, कारण वरून सनई लावलेली आहे. कॅसेट मी चिपवर उतरवून घेतली होती. मोठ्या, स्वच्छ पडद्यावर निदान ओठांवरून तरी ते काय म्हणतात हे कळेल, असा माझा हिशेब होता. घरी मात्र सांगितले, आईला मालिका नीट दिसत नाहीत.

एका सहकाऱ्याच्या गाडीत मागच्या सीटवर ते खोके उभे करून आम्ही बडनेरा-मूर्तिजापूरवरून अकोल्याला पोचलो. रात्री जेवणे झाल्यावर चिप लावली.

आयुष्यभर काडीसारखे राहिलेले अण्णा पडद्यावर चांगले गुटगुटीत होऊन आले! जुन्या चौकोनी चित्राला नव्या पडद्याने आडवे ताणले होते. बारावीत शिकणाऱ्या माझ्या कन्येने कुठलीशी खटपट केली, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या आणि अण्णा पूर्ववत झाले. पण चेहरा? मी पडद्याजवळ गेलो. नाक कुठे संपते आणि मिशी कुठे सुरू होते, तेही कळेना. ओठ तर नव्हतेच. एक पुसट डाग हलत होता.

“बाबा, मूळ चित्रच तेवढं आहे,” कन्या म्हणाली. जुन्या टीव्हीच्या ६२५ रेषांपैकी चित्राच्या वाट्याला ५७६ यायच्या, आणि कॅसेटवर त्यातलाही बारकावा पुष्कळसा उतरत नसे. चिपवर हे चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांत बसवलेले. म्हणजे चार लाखांच्या शिदोरीवर त्र्याऐंशी लाखांची पंगत! मग पडदा शेजारच्या ठिपक्यांकडे पाहून मधले ठिपके अंदाजाने भरतो. पडदाभर ताणले तर एका ठिपक्याचे वीस, पट्ट्या ठेवल्या तर पंधरा. अण्णांच्या चेहऱ्यावरचे पंधरांतले चौदा ठिपके अण्णांचे नव्हतेच.

माझा चेहरा पाहून असेल, तिने आणखी एक हिशेब मांडला. निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचे अंतर वेगळे दिसते. त्याहून जवळचे दोन ठिपके एक होतात. पडदा ४३ इंची. (हे इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजतात, हे मला त्या रात्री कळले.) रुंदी ९५ सेंटीमीटर, म्हणजे ठिपका पाव मिलिमीटरचा. सगळे त्र्याऐंशी लाख पाहायचे, तर पावणेतीन फुटांवर नाक न्यायला हवे. साडेपाच फुटांच्या मागे सरकले, की फुल एचडी काय आणि फोर-के काय, डोळ्याला सारखेच. तिने टेप लावून आजीचा दिवाण मोजला. अकरा फूट. “इथून साधारण साडेपाचशे ओळी दिसतात.”

“म्हणजे जुन्या टीव्हीइतक्याच?”

“जवळजवळ तितक्याच.”

पैसे किती गेले, हे पत्नीने तेव्हा काढले नाही, हे तिचे औदार्य.

दिवाणावरून आई म्हणाली, “काऊन रे, पडद्याले नाक लावून काय पाहून राह्यला? मांगं ये.”

मी मागे जाऊन तिच्याशेजारी बसलो. तिच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, दुसऱ्याचे व्हायचे आहे. कन्येने चित्र पुन्हा लावले. अकरा फुटांवरून ते डाग खरेच एकमेकांत मिसळले आणि अण्णांची मान, ती थोडी डावीकडे कलणारी मान, स्पष्ट दिसली.

“हे पाय, वाढप्याले म्हनून राह्यले, त्या कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याले वाढलं नाही, आंधी तिकडं जाय.”

“तुला कसं कळलं?”

“मी नोती काय त्या पंगतीत? अन् आता वळतीन पाय. सकाळपासून उपाशी होते, म्हून मीच हाक मारली होती.”

पडद्यावर अण्णा वळले. मी इतकी वर्षे समजत होतो, ते कॅमेऱ्याकडे पाहतात.

आईने चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला आणि नातीला म्हणाली, “आता अजून एकडाव लाव. मंघाशी तुह्या बापाचं डोकं आडवं आलं होतं.”