टाच बाहेर!

परवा नातीबरोबर सायकलचे बूट घ्यायला गेलो होतो. तिला पहिली ट्रायथलॉन करायची आहे. आधी पोहणे, मग सायकल, मग पळणे. मी आपला सोबतीला. इतकी वर्षे शाळेत सायकलवरून गेलो, पण पँटला क्लिप लावण्यापलीकडे पायांचे लाड कधी केले नव्हते.

दुकानातला मुलगा 'क्लिपलेस' पेडल दाखवू लागला. बूट तर पेडलमध्ये खटकन अडकतो, मग क्लिपलेस कसले? माझ्यातला मास्तर जागा झाला. खुलासा असा, की पूर्वी शर्यतीच्या सायकलला बोटांवर पिंजरा आणि पट्टा असे. ती क्लिप गेली, म्हणून क्लिपलेस! १९८५ मध्ये बर्नार इनोने लूक कंपनीचे असे पेडल वापरून टूर द फ्रान्स जिंकली, तेव्हापासून पट्टे मागे पडत गेले.

नातीने तीन स्क्रूंच्या क्लीटचे बूट घेतले. तळ लाकडासारखा कडक, चालताना बदकाची चाल. वर रुंद पट्टा, मागे ओढायला बंद. हे बूट म्हणे आधीच पेडलला अडकवून रबरबँडने आडवे धरून ठेवतात आणि स्पर्धक अनवाणी पळत येऊन चालत्या सायकलवर त्यांत पाय घालतात. (पहिल्या खेपेला तू आपली थांबून घाल, असे मी तिला बजावले आहे.)

क्लीटवरून मात्र मी अडून बसलो. शिमानोच्या लाल क्लीटमध्ये पाय जागचा हलत नाही, पिवळीत सहा अंश फिरतो. हिचा उजवा गुडघा कुरकुरतो, ते मला ठाऊक. पिवळी घेतली.

संध्याकाळी सोसायटीच्या आवारात सराव. पाय सोडवायला टाच बाहेर वळवायची. मी पी.टी.च्या सरांसारखा ओरडत होतो, "टाच बाहेर!" तिसऱ्या फेरीला तिने डावा पाय सोडवला आणि तोल गेला उजवीकडे. सायकलसकट आडवी. कोपर खरचटले, ती हसली. मला हसू आले नाही. या वयात मी तसा पडलो तर खुबाच जायचा.

पेडलच्या स्प्रिंगचा स्क्रू सैल करता करता ती म्हणाली, "आजोबा, तुमच्यासाठी दोन स्क्रूंचे बघू. क्लीट तळात बसते, नीट चालता येते. पेडलही एका बाजूने साधे मिळते, गर्दीत त्याच बाजूने चालवा."

मी हो म्हटले नाही. पण दिवसाअखेर पाय थोडे सुजतात, तेव्हा बुटाचे माप संध्याकाळी द्यावे म्हणतात. उद्या पाचनंतर निघणार आहोत. सौ.ला सांगितलेले नाही. ती हे वाचते, हे आत्ता लक्षात आले.