पाव आणि कंपनी

अंबरनाथच्या एमआयडीसीत दोन शब्द दिवसभर कानांवर पडतात : 'पाव' आणि 'कंपनी'. पहिला चहाच्या टपरीवर, दुसरा कारखान्याच्या फाटकाशी. या दोहोंचे मूळ एकच आहे असे सांगितले, तर पाळीवर जाणाऱ्या कामगारास नवल वाटेल. पण ते खरे आहे.

मराठीत 'पाव' तीन वाटांनी आला. पाव हिस्सा हा संस्कृत 'पाद' शब्दाचा वंशज. 'देवा, पाव' यातील क्रियापदाचे नाते 'प्राप्' धातूशी. खाण्याचा पाव मात्र परदेशी. कणीक पायांनी तुडवतात म्हणून पाव, ही व्युत्पत्ती मनोरंजक आहे, खरी नाही. लॅटिनमधील 'पानिस' म्हणजे भाकर. तिची इटालियनमध्ये 'पाने' झाली, स्पॅनिशमध्ये 'पान', फ्रेंचमध्ये 'पँ'. पोर्तुगीजांनी 'न' गिळून केवळ नाकातला सूर ठेवला. आपल्या जिभेने तोही सोडला आणि 'पाव' उरला. हाच शब्द पोर्तुगीजांबरोबर जपानलाही गेला. तिथे तो 'पान' आहे.

उत्तर युरोपात भाकरीचे कुळ वेगळे. इंग्रजी 'लोफ'चे जुने रूप 'ह्लाफ'. रशियन 'ख्लेब' त्याच घराण्यातला. इंग्रजीतील 'लॉर्ड' म्हणजे मुळात 'भाकरीचा राखणदार'. गॉथ लोकांच्या भाषेत सोबत्याला 'गाह्लैबा' म्हणत, म्हणजे ज्याच्याशी भाकर एक तो. बहुधा याच साच्यावर लॅटिनने 'कोंपानियो' हा शब्द घडविला : 'कों' म्हणजे सह आणि 'पानिस' म्हणजे भाकर. त्यापासून फ्रेंच 'कोपँ', म्हणजे जिवलग मित्र, इंग्रजी 'कंपॅनियन', आणि शेवटी आपली 'कंपनी'.

आमचे घराणे वसईचे. तिथे १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. विहिरीत पाव टाकला आणि ते पाणी प्यालेला गाव बाटला, ही कथा त्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. मला ती प्रथम शाळेत ऐकावयास मिळाली, तीही 'पाववाले' या हाकेसह. भाकर मोडून शिष्यांना देणाऱ्या प्रभूची ओळख घरी झाली होती. भाकरीने माणसे तुटतात हे बाहेर समजले.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले. पुढे अंबरनाथला कारखाने उभे राहिले आणि वडील त्यांपैकी एकात फिटर म्हणून लागले. त्यांच्या खात्यात एक माळकरी गृहस्थ होते. पूर्वी पावाचे पीठ ताडीने फुगवीत, म्हणून त्यांच्या घरी पाव निषिद्ध होता. दुपारी ते आपला डबा घेऊन थोडे बाजूला बसत. वडिलांना याचे वैषम्य वाटत नसे. ज्याचे त्याचे व्रत, असे ते म्हणत.

एके दिवशी कारखान्याला टाळे लागले. थकलेल्या पगारासाठी कामगार फाटकाबाहेर बसून राहिले. पहिला आठवडा घरून डबे आले. मग तेही आटले. वडिलांपाशी एक पाव होता. त्यांनी तो मोडला, पण अर्धा पुढे करण्यास ते संकोचले. त्या गृहस्थांनीच हात पुढे केला, तुकडा चहात बुडविला आणि काही न बोलता खाल्ला. घरी येऊन वडिलांनी आईला प्रथम हे सांगितले. पगाराचे काय झाले ते नंतर.

पैसे पुरते कधीच मिळाले नाहीत. यंत्रे भंगारात गेली, फाटकावरचा फलक उतरला. ते गृहस्थ मात्र दर नाताळला आमच्याकडे येत राहिले; वडिलांच्या अंत्यविधीला ते दफनभूमीपर्यंत चालत आले. आम्ही भावंडे त्यांना 'कंपनीतले काका' म्हणत असू. लॅटिन जाणणाऱ्या पंडितालाही याहून नेमका शब्द सुचला नसता.