चौथी प्रतिज्ञा

गेल्या महिन्यात आमच्या विहारात महिला मंडळाच्या बैठकीत एका भगिनीने विचारले, "मुलगी ख्रिश्चन मुलाशी लग्न करते म्हणते. पुढे पोरं कुणाची होणार, बौद्धाची की ख्रिस्त्याची?" सगळ्या माझ्याकडे पाहू लागल्या. मला चटकन काही बोलता आले नाही, म्हणून आज लिहिते आहे.

माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, बौद्ध. दौंडच्या लोको शेडमध्ये खलाशी होते. आई नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरातली, नर्स. १९६८ साली त्यांनी विशेष विवाह कायद्याखाली लग्न नोंदवले. त्या कायद्याप्रमाणे नोटीस तीस दिवस कचेरीत लावून ठेवतात. तेवढ्या दिवसांत मामा तीनदा आणि चुलते दोनदा ती वाचून गेले. हरकत कोणी घेतली नाही आणि लग्नालाही कोणी आले नाही. खरे तर दोन्हीकडचे पणजे महारवाड्यातलेच. एकाने मिशनची वाट धरली, दुसऱ्याची लेकरे १९५६ नंतर बाबासाहेबांच्या मागे धम्मात आली. टाकून दिले ते दोघांनी एकच, तरी एकमेकांच्या घरी पाणी प्यायला त्यांना सात वर्षे लागली.

आमच्या दारावर पंचशील ध्वज असायचा आणि डिसेंबरात शेजारी आईची कागदी चांदणी.

मी दहा वर्षांची असताना धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमासाठी बावीस प्रतिज्ञा पाठ करत होते. ब्रह्मा, विष्णू, राम, कृष्ण, गौरी-गणपती सगळे आले, येशूचे नाव मात्र कुठेच सापडले नाही. मोठा शोध लागल्यासारखी मी दादांकडे धावले. "दादा, म्हणजे आईचा देव चालतो ना?"

दादांनी पुस्तिका घेतली, चौथ्या प्रतिज्ञेवर बोट ठेवले आणि म्हणाले, "वाच." देवाने जन्म घेतला, अवतार घेतला हे मानायचे नाही, असा तिचा आशय. मी मोठ्याने वाचले. पलीकडे आई भाकरी थापत होती. आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला, जरा जोरात. त्या नाताळात चांदणी लावताना स्टूल धरायला मी गेले नाही. आईनेही हाक मारली नाही. हे मला अजून सलते.

दादा तत्त्वाला पक्के. आम्हा तिघा भावंडांपैकी कुणाचा बाप्तिस्मा झाला नाही. शाळेच्या दाखल्यावर 'बौद्ध' लागले. आईला विचारले नव्हते असे नाही, पण उत्तर आधीच ठरवून विचारले होते. समतेवर तासभर बोलणाऱ्या आपल्या पुरुषांची ही खोड घराघरांत आहे, रागावू नका.

१९९० साली कायदा बदलला आणि बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती मिळाल्या. दादांनी चाळभर पेढे वाटले. आईने पेढा खाल्ला आणि म्हणाली, "अहो, माझ्या भावाच्या पोरांचा पणजाही गावकुसाबाहेरचाच होता की." दादा गप्प झाले. ख्रिस्ती झालेल्यांना त्या सवलती आजही नाहीत.

दादा २००९ मध्ये गेले. पुण्यानुमोदनानंतर त्यांची ट्रंक उघडली, तेव्हा युनियनच्या कागदांखाली सुतळीने बांधलेल्या पावत्या निघाल्या. आईच्या नावाने चर्चची सालाना वर्गणी, १९७४ पासून एकही वर्ष चुकलेले नाही. बाहेर लग्न केले म्हणून तिचे नाव कमी करायची कुजबुज तेव्हा मंडळीत होती. ज्याची वर्गणी थकली त्याला मातीच्या वेळी जागेसाठी अडवतात, असेही लोक बोलायचे. चर्चमध्ये कधी प्रार्थनेला न बसलेला हा माणूस दर जानेवारीत पाळकांकडे जाऊन पैसे भरून येत होता आणि घरी अवाक्षर काढत नव्हता.

आई बराच वेळ पावत्या उलटत बसली. मग म्हणाली, "म्हणून पाळकसाहेब रस्त्यात ह्यांना थांबवून बोलायचे होय! मला वाटायचं, वाद घालतात."

आई आता माझ्याकडे असते. गुडघे गेलेत, म्हणून चांदणी मी लावते आणि ती खाली बसून डावीकडे, उजवीकडे सांगते. या जानेवारीत वर्गणी भरायला मी दौंडला गेले. पावतीपुस्तक उघडून तिथल्या गृहस्थांनी विचारले, "आपण मंडळीच्या सभासद?"

"नाही," मी म्हटले, "त्यांची मुलगी."

त्यांनी आईचे नाव लिहिले आणि पावती फाडून दिली.