कशेळ्याहून सिद्धगड

सिद्धगडाला जाणारे बरेच ट्रेकर मुरबाडकडून नारिवलीला येतात आणि तिथून थेट जंगलात शिरतात. मी कर्जतहून निघालो आणि आधी कशेळ्यात थांबलो. ही वाट थोडी लांबची असेल, पण सिद्धगड समजून घ्यायचा तर प्रवास इथूनच सुरू व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील त्या जंगलात पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. आपण त्यांची सगळी आठवण त्या एका पहाटेला बांधून टाकली आहे. ज्या गावांसाठी ते जंगलात गेले, ती गावं वाटेतच मागे टाकून आपण पुढे जातो.

कशेळ्याच्या आसपास भाताची शेतं आहेत आणि डोंगराच्या अंगाला ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या. पावसाळ्यात घरातला दाणा संपायचा आणि सावकाराकडून खावटी उचलावी लागायची. सुगीत ती वाढीव मापाने फेडली की पुढच्या आषाढात घर पुन्हा रिकामं. माथेरानच्या नाभिक कुटुंबात १९१२ साली जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले, आणि त्यांनी हात घातला तो या चक्राला. शेतकऱ्याला सावकाराच्या दारात जावं लागू नये म्हणून त्यांनी धान्यकोठी उभी केली. माझ्या युक्तिवादाचा सगळा भार या कोठीवर आहे. १९८० च्या दशकात कशेळ्याच्या ‘अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स’ या संस्थेने इथल्या आदिवासी वाड्यांत पुन्हा धान्य बँकाच सुरू केल्या: पावसाळ्यात धान्य न्यायचं, सुगीनंतर थोड्या वाढीने परत करायचं. ज्या प्रश्नाशी कोतवाल झगडले, तो स्वातंत्र्यानंतर तीन दशकं उलटली तरी त्याच मुलखात शिल्लक होता. पुतळा आणि चौकाचं नाव यांपेक्षा मला हा पुरावा मोठा वाटतो.

कशेळ्याहून म्हशाकडे जाताना मनात विजेच्या तारा येतात. कशेळ्याच्याच कर्जत तालुक्यातल्या भिवपुरीचं टाटांचं वीजघर १९२२ पासून सुरू आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर अडवलेलं पाणी खाली सोडून तिथे होणारी वीज मुंबईच्या गिरण्यांना जायची. तारा ज्या शेतांवरून जात, तिथल्या घरांत मात्र रॉकेलची चिमणी होती. १९४२ च्या लढ्यात कोतवालांच्या ‘आझाद दस्ता’ या भूमिगत गटाने या वाहिन्यांचे मनोरे पाडले आणि मुंबईचा वीजपुरवठा तोडला. यात सामान्य मजुराचा रोज बुडाला असेल, हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळू नये. पण युद्धकाळात सरकारची नाडी त्या तारांत होती. शिवाय या माणसाची किंमत केवळ पाडलेल्या मनोऱ्यांवरून करायची नाही, हेच तर मी म्हणतो आहे.

नारिवलीपुढे जंगल दाट होतं. हुतात्म्यांचं स्मारक गडाच्या माथ्यावर नाही, खालच्या रानात आहे. दरवर्षी २ जानेवारीला पहाटे इथे लोक जमतात. ‘सगळं जर कर्जतच्या गावांत आहे, तर इथवर यायचंच कशाला?’ असं कुणी विचारेल. यायचं, कारण ही झाडी पाहिल्यावरच कळतं की इथे लपलेल्यांना खायला आणि खबर पोचवायला आसपासच्या वाड्यांची साथ लागणारच. दुसरा आक्षेप ट्रेकर्सचा असतो: आम्ही डोंगरासाठी येतो, शोक करायला नाही. शोक करावा असं मीही म्हणत नाही. माथ्यावर जावं, सह्याद्रीची भिंत डोळे भरून पाहावी. त्याने कुणाचा अवमान होत नाही. अवमान होतो तो अडाणीपणाने, स्मारकाच्या पायरीवर बाटल्या टाकून पुढे जाण्याने.

माझी मागणी साधी आहे. सहल नेणाऱ्यांनी गाडी कशेळ्यात थांबवावी, धान्यकोठीची गोष्ट तिथे सांगावी आणि मग सिद्धगडाकडे निघावं. हिराजी पाटलांचं मानिवलीही याच कर्जत तालुक्यात, नेरळच्या बाजूला आहे. वेळ असेल तर तिथेही जावं.